सहा तासांची हजेरी

डुलुथच्या हॉटेलात, तळमजल्यावरच्या लांबोळक्या हॉलमध्ये
गळ्यात पट्टी: मार्लिस केट्युनन, महिला तुरुंग, रात्रपाळी.
एरवी छातीवरची नावं वाचायचं काम माझं.

खिडकीबाहेर सुपीरियर गोठलेलं,
इतकं, की ते सरोवर आहे हे सांगावं लागतं.
कॉफी मात्र बरी.
हात सारखा कमरेशी जातो.
किल्ल्या कामावर जमा आहेत,
तरी एकोणीस वर्षांचं वजन डाव्या बाजूला
तसंच लटकतंय. मी जराशी कलूनच चालते.

पहिलं सत्र: आघात म्हणजे काय.
पडद्यावर मेंदू, त्यात बदामाएवढा भाग लाल.
दार आपटलं की हा जागा होतो,
शिकवणारी पोरगी मऊ आवाजात म्हणाली.
मागून कुणी पुटपुटलं, "आमची दारं आपटतातच. लोखंडाची आहेत."
हसलो सगळे. मीही.

मग चिठ्ठ्या.
माझ्या चिठ्ठीत: वय सव्वीस, मुलं दोन,
नऊला लघवीची तपासणी, साडेनऊला नोकरीची मुलाखत,
बस तासाला एक, धाकट्याला ताप.
टेबलं म्हणजे कचेऱ्या. प्रत्येक टेबलापुढे रांग.
पाकौ श्यांग, प्रोबेशनवाली, हिशेबाला पक्की,
तीसुद्धा अकरा मिनिटांत पुन्हा तुरुंगात.
मी सात मिनिटांत.
"पण यात माझी काय चूक?" मी म्हटलं,
आणि माझ्याच तोंडचं ते वाक्य
मला गजांपलीकडून आल्यासारखं ऐकू आलं.

जेवणात जंगली तांदळाचं सूप. मीठ कमी.

जेवणानंतर डार्लीन बोल्यू.
पाहुणी वक्ता, मानधन दीडशे डॉलर,
सी बराकीत चार वर्षं.
मी लगेच ओळखलं.
तिच्या पायाच्या बोटांमध्ये टॉर्च मारून पाहिलंय मी,
दर भेटीनंतर, नियमाप्रमाणे,
नियमात बसेल तेवढाच वेळ.

ती कागद न बघता बोलली.
म्हणाली, रात्री दर तासाला फेरी.
किल्ल्या वाजल्या की पोटात गोळा यायचा.
घरीही एक जण असाच यायचा,
खिशातले सुटे वाजवत, जिना चढून.
"पण एक ऑफिसर होती,
सगळा जुडगा मुठीत आवळून चालायची.
नुसता बुटांचा आवाज. त्या रात्री मी झोपायचे."
मग माझ्या टेबलाकडे बघून हसली.
"तुम्हीच ना?"

माना वळल्या.

मी नव्हते.
ती गेल ट्वेट.
जुडगा पट्ट्याला अडकवलेला नाही म्हणून दोन मेमो मिळालेली,
त्यातल्या एकावर साक्षीदार म्हणून सही माझी.
पुढे तिनं नोकरी सोडली. फार्गोला पोस्टात लागली म्हणतात.

मी मान हलवली.
हो अशी की नाही अशी,
ते अजून मला सांगता येत नाही.
टाळ्या झाल्या. डार्लीन पाणी प्यायली,
ग्लास दोन्ही हातांत धरून, तिकडे धरतात तसा.

शेवटी फॉर्म. एक ते पाच गुण द्या.
हॉल: चार. सूप: तीन.
आज काय शिकलात, दोन ओळींत.
झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात.
आमच्याकडे तिची किंमत एक मेमो, दोन प्रतींत.
हे लिहिलं नाही. लिहिलं: उपयुक्त.
प्रमाणपत्रावर माझ्या आडनावात एक न कमी होता.

रविवारी रात्री, दुसऱ्या फेरीला,
दिवे मंद झाल्यावर,
जुडगा पट्ट्यावरून काढून मुठीत धरून पाहिला.
एकोणतीस किल्ल्या.
गेलचा हात मोठा असणार.
माझ्या मुठीत सव्वीस मावतात.
तीन बाहेर राहतात,
आणि त्या वाजतात.